स्पर्धा परीक्षा : तालुक्याच्या गावातून पाहताना

(चांदवड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



येथे येताना रेणुकामातेचे दर्शन घेतले आणि रंगमहालही पाहिला. ज्या गावी होळकरांच्या कारभाराची वास्तू आजही उभी आहे, तेथे प्रशासनाचे महत्त्व मी सांगावयास नको. त्या प्रशासनात प्रवेश देणाऱ्या परीक्षेविषयी मात्र दोन शब्द बोलावयाचे आहेत. तेही विद्यार्थ्यांशी नव्हे, तर त्यांच्या भोवतीच्या आपणा वडीलधाऱ्यांशी.

ही परीक्षा आपल्या दारी येण्यास फार काळ लागला. १८५५ साली ती लंडनमध्ये सुरू झाली. १८६३ साली तीत यशस्वी झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. आपले चिंतामणराव देशमुख १९१८ साली पहिले आले, तेही लंडनलाच. भारतात परीक्षा घेण्यास १९२२ साल उजाडले. पुढे कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ साली आजची पूर्वपरीक्षेची पद्धत आली आणि भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याची वाट मोकळी झाली. मराठीतून उत्तर लिहिण्याच्या या हक्काला अद्याप अर्धे शतकही पुरे झालेले नाही.

परीक्षेचे टप्पे तीन. पूर्वपरीक्षा केवळ चाळणी होय. तिचे गुण पुढे धरले जात नाहीत, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. खरा कस मुख्य परीक्षेत. केंद्राच्या परीक्षेत तिला १,७५० आणि मुलाखतीला २७५ गुण आहेत. आपल्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही काही वर्षे पर्यायी प्रश्नांची होती. २०२५च्या परीक्षेपासून ती वर्णनात्मक झाली. शिक्षक मंडळींनी या बदलाकडे विशेष लक्ष द्यावे. खुणा करून भागणार नाही, आता लिहावे लागेल. दीडशे शब्दांत मुद्दा मांडण्याची सवय ही आठवी-नववीच्या वर्गात लागते. शहरातील शिकवणी ती विकत देऊ शकत नाही.

आणि लिहावयाचे कशावर? आपल्या उत्तरेकडील सातमाळा डोंगररांग पाहा. तिच्या एका उतारावरचे पाणी गिरणेमार्गे तापीला मिळून अरबी समुद्रात जाते, दुसऱ्या उतारावरचे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. जलविभाजक या शब्दाची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला तो जलविभाजक घराच्या अंगणातून दिसत असतो, पण कोणी बोट दाखवीत नाही. कांद्याचेही तसेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती अटींसह उठली. ग्राहकाचा भाव, शेतकऱ्याचा भाव, केंद्राचा अधिकार, परकीय बाजारपेठ, साठवणुकीची सोय असे पाच प्रश्न त्यात आहेत, आणि या मुलांच्या घरी ते जेवणाच्या पानावर बोलले जातात. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय घातले, हे उमेदवार घडाघडा म्हणतो. आपल्या गावची ग्रामसभा त्याने कधी पाहिली आहे काय? सदस्यांनी त्याला बोलावले आहे काय? एकदा त्याला अंदाजपत्रक वाचावयास द्या. पुस्तकातले प्रकरण त्याला वेगळे दिसेल.

आता थोडे कटू बोलतो. २०२३च्या केंद्रीय परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, सुमारे पाच लाख ब्याण्णव हजार उमेदवार प्रत्यक्ष बसले आणि १,०१६ जणांची शिफारस झाली. सत्कार या हजारांचे होतात. बाकीच्यांची गणती कोणी ठेवीत नाही. महसूल खात्यातील नोकरीत मी असे तरुण पाहिले, की ज्यांची आठ-आठ वर्षे भाड्याच्या खोलीत गेली. घरी जमीन गहाण पडली, बहिणीचे लग्न लांबले, आणि गावी परतावयाची लाज वाटू लागली. ती लाज त्यांना आपणच दिली, कारण जाताना आपण हार घातले होते आणि येताना विचारपूस केली नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी की, मुदत आधी ठरवा. किती प्रयत्न, किती पैसा, आणि त्यासोबत दुसरे कोणते शिक्षण वा काम, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावे. मुलींच्या बाबतीत ही मुदत मुलांइतकीच असावी; एका प्रयत्नानंतर स्थळ पाहण्याची घाई करू नये.

पंचायतींकडून मला फारसे खर्चाचे काही नको. रात्री दहापर्यंत दिवा राहील अशी एक खोली, दोन मराठी आणि एक इंग्रजी दैनिक, राज्यघटनेची प्रत, जुन्या प्रश्नपत्रिका, आणि आठवड्यातून एकदा उत्तरे तपासून देणारे एक गुरुजी. गुरुजी येथे बरेच बसलेले दिसतात. खोली बहुधा शाळेचीच निघेल. सायंकाळी सहानंतर तिची किल्ली कोणाकडे राहावी, वीजबिल कोणी भरावे आणि मुली घरी परतताना सोबत कोणी असावे, एवढे तीन प्रश्न अध्यक्षमहाशयांनी आज सभा उठण्यापूर्वी पटलावर घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.