परतीचं डिझेल



 

ड्रोन उडवणाऱ्यांच्या या अलिबागच्या संमेलनात अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. घेतो. ९ जानेवारी २०२५ला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानं बेकायदा मासेमारीवर ड्रोनमधून नजर ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत आपलं रेवदंडा आणि श्रीवर्धन आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, त्यामुळे उरण-पनवेलच्या मंडळींनी हवाई नकाशा पाहिल्याशिवाय पंखासुद्धा फिरवू नये. फवारणीचे ड्रोन, गावठाणांची मोजणी वगैरे तपशील स्मरणिकेत आहेत. आढावा संपला.

आता एका आकड्याबद्दल बोलतो. गेली सात-आठ वर्षं तो माझ्या घशात अडकलाय. ड्रोनच्या कंट्रोलरच्या पडद्यावर बॅटरीच्या चित्राशेजारी जो टक्का दिसतो, तो आकडा. आपण सगळे तो मोजलेला आकडा समजतो. तो मोजलेला नाही, तो अंदाज आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये उमेदवारी केलेला माणूस. ४८ व्होल्टची बँक, शिशाच्या प्लेटा, हातात हायड्रोमीटर. थोडं अ‍ॅसिड ओढायचं आणि तरंगणारी काडी पाहायची. बॅटरी वापरली जाते तसं अ‍ॅसिड पातळ होत जातं, म्हणून ती काडी खरं बोलायची. लिथियमच्या सेलला अशी खिडकीच नाही. आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, मधलं द्रावण होतं तसंच राहतं. आत किती उरलंय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. व्होल्टेज, करंट आणि वेळ यांवरून ताडायचं एवढंच आपल्या हाती.

सकाळच्या सत्रात यावरूनच जुंपली होती. एक पक्ष व्होल्टेजवाल्यांचा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो हे खरं. पण मधल्या मोठ्या टप्प्यात ती रेघ जवळजवळ सपाट असते, आणि थ्रॉटल दिला की व्होल्टेज बसतं, सोडला की वर येतं. समुद्राच्या वाऱ्यात हेलकावे खाणाऱ्या ड्रोनचं व्होल्टेज पाहून चार्ज सांगणं म्हणजे धावत्या माणसाची नाडी धरून त्याचं वय सांगणं. दुसरा पक्ष करंट मोजून बेरीज करणाऱ्यांचा. खर्च ते चोख मांडतात, पण मुळात खिशात किती होते ते लेबलवर वाचतात! माझ्याकडच्या एका बॅटरी-पॅकवर ५,००० लिहिलंय. दोन उन्हाळे काढल्यावर मी तो टेबलावर सावकाश रिकामा केला, तेव्हा ३,९०० मिलिअँपिअर-अवर निघाले. फेब्रुवारी २०२२मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आल्यापासून जुनेच पॅक रेटणं वाढलंय, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तिसरा पक्ष तरुणांचा, कालमन फिल्टरवाल्यांचा. रुडॉल्फ कालमनचं गणित १९६०चं. ग्रेगरी प्लेटनं ते २००४मध्ये लिथियम बॅटरीला लावून दाखवलं. दोन्ही अंदाज एकमेकांवर तपासत पुढे जाणारी ही पद्धत सुरेख आहे, मी तिला हात जोडतो. पण त्या गणितात सेलचे जे गुणधर्म भरायचे ते कुठल्या सेलचे? प्रयोगशाळेतल्या नव्या सेलचे. माझा सेल मुरुडला पत्र्याच्या खोलीत अख्खा मे महिना पूर्ण चार्ज करून ठेवलेला होता. उन्हात भरून ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. हे फिल्टरला कोण सांगणार?

माझं एक ड्रोन कोर्लईसमोर समुद्रात आहे. जानेवारीतली सकाळ होती, मतलई वारा. डोलीच्या जाळ्यांचे फोटो घ्यायचं काम. जाताना ड्रोन वाऱ्याबरोबर मजेत गेलं. पडद्यावर ५४ टक्के दिसत असताना मी ते वळवलं आणि स्वतःच्या सावधपणावर खूश झालो. परतताना वारा तोंडावर. मोटरांनी जास्त करंट ओढला आणि सहांपैकी एक सेल कोसळला. नंतर लॉग उघडला तर पाच सेल ३.६५ व्होल्टवर, सहावा ३.०५वर. बेरीज २१.३, सरासरी बरी, त्यामुळे पडद्यावर ३१ टक्के. ऑटोपायलटला मात्र तो सहावा सेल दिसला आणि त्यानं शिकवल्याप्रमाणे केलं: ड्रोन आहे तिथेच उतरवलं. जमिनीवर हा फेलसेफ, म्हणजे धोका टाळायची सोय, असेल. इथे खाली समुद्र होता.

बरोबरचा तांडेल हसला नाही, हे त्याचे उपकार. एवढंच म्हणाला, "काका, येतानाचं डिझेल आम्ही जातानाच बाजूला काढतो."

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणानं डीजेआय कंपनीच्या दोन प्रकारच्या ड्रोन-बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता: पुरेसा उड्डाणवेळ शिल्लक दिसत असताना हवेतच वीज जाते. तिथल्या पोलिसांनी ड्रोन खाली ठेवले होते.

'अर्ध्यावर वळा' हा जो मंत्र आपण प्रशिक्षणात देतो, त्याचा हिशेब एकदा आपल्या किनाऱ्यावर करून पाहा. ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १२ मीटर, मतलई ४ मीटरचा. जाताना १६, येताना ८. परतीला दुप्पट वेळ. म्हणजे बॅटरीचा एक तृतीयांश भाग वापरून वळलं तरी शिल्लक शून्य. दुपारी खारे वारे सुटले की हिशेब उलटा, जाताना जड आणि येताना हलका. भूगोलाच्या पुस्तकात शिकलेलं हे आपल्याला माहीत आहे, पडद्याला नाही. राज्याची सागरी हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. तिथवर जाण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

म्हणून माझं म्हणणं, आणि ते ऐकून काही उत्पादक मित्र रागावतील तर रागावोत: टक्का पडद्यावरून काढून टाका. त्या जागी दोनच गोष्टी दाखवा, सगळ्यात दुबळ्या सेलचं व्होल्टेज आणि आत्ताच्या वाऱ्यात घरी पोचता येईल की नाही. समुद्रावर उडणाऱ्यांचा फेलसेफ वेगळा हवा. प्रत्येक पॅकची वही हवी. जिल्ह्यात पॅक तपासायला एखादं सामाईक टेबल हवं. ते कुठे, कुणाच्या खर्चानं, हे कार्यकारिणी बघेल. एक मसुदा समितीही नेमू. निमंत्रक अजून सापडलेला नाही.

अंतर्गत रोध मोजायचा मीटर मी पिशवीत घालून आणलाय. जेवणाची घंटा व्हायला वीस मिनिटं आहेत. ज्यांच्याकडे दोन पावसाळे झालेला पॅक असेल त्यांनी तो इथे टेबलावर आणून ठेवा, लेबल खाली करून.