धुराड्याच्या अलीकडचा माणूस

परिषदेचे अध्यक्ष महोदय, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातून आलेले अधिकारी, कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिक आणि बेळगावहून आलेले फाउंड्रीवाले, वालीव, गोखिवरे, सातिवली, पेल्हार, कामण इथले माझे गाळेधारक मित्र, आणि आज भरपगारी येऊन इथे बसलेले मोल्डर, भट्टीवाले, फेटलर बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे वसईच्या भूमीत मनापासून स्वागत करतो.

ओतकाम करणाऱ्यांचे या भूमीत स्वागत करताना मला विशेष आनंद होतो. इथून जवळच सोपारा आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथले बुरूड राजाच्या कोटाचे टेकाड उघडले, तेव्हा दगडी पेटीत बुद्धांच्या आठ आसनस्थ कांस्यमूर्ती सापडल्या. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचे हे ओतकाम. पुढे मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या पाहुण्यांनी नारोशंकराच्या देवळात त्यातली एक पाहिली असेल. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मूर्ती कोणत्या काळातल्या, घंटा कोणत्या लढाईतल्या, हे सगळे आपण सांगू शकतो. त्या कोणी ओतल्या, हे कुणालाच सांगता येत नाही. ओतणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही, आणि मला काळजी वाटते ती ही की आजही अनेक ठिकाणी ते नसते.

वसईचे चित्र पाहुण्यांना थोडक्यात सांगतो. रेल्वेच्या पश्चिमेला केळीच्या, विड्याच्या पानांच्या, चाफा-मोगऱ्याच्या वाड्या आणि गोड्या पाण्याची बावखळे. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरापर्यंत आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना आमच्या औद्योगिक वसाहती. या वसाहती एमआयडीसीने आखलेल्या नाहीत. जमीन मिळेल तसे खासगी विकासकांनी गाळे बांधले, आणि मुंबईत जागा परवडेना म्हणून आम्ही त्यात आलो. आमच्यातल्या फार थोड्यांकडे मोठ्या फाउंड्रीसारखी मोकळी शेड आहे. ॲल्युमिनियमची डाय कास्टिंग, ब्रास आणि गनमेटलचे व्हॉल्व्ह, पंपाचे सुटे भाग, हार्डवेअर, हे सगळे आम्ही गाळ्यात ओततो. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिक मोल्डिंग असते, वर पोटमाळ्यावर पॅकिंग चाललेले असते. गाळ्यात भट्टी लावायची म्हणजे धूर आणि माणूस एकाच छपराखाली ठेवायचा, एवढे लक्षात ठेवले तरी आजच्या विषयाचे अर्धे काम होईल.

कारण आपल्याकडे दोन फायली निराळ्या असतात. एक मंडळाची, म्हणजे कन्सेंटची. दुसरी सुरक्षेची. पहिली सल्लागार सांभाळतो, दुसरी बहुधा ठेकेदाराच्या भरवशावर असते. कायद्यानेही हे अंतर वाढवले. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्याखालची संमती घेताना किती कामगार आहेत याला महत्त्व नसते. भट्टी आहे म्हटल्यावर संमती लागतेच. कारखाने अधिनियमाला मात्र संख्या लागत असे. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी ती 10 होती, महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीने 20 केली, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही 20 च ठेवली. परिणाम असा की बारा माणसांच्या गाळ्यातला धूर सरकारच्या हिशेबात आहे, पण तो धूर सगळ्यांत आधी ज्याच्या छातीत जातो तो माणूस कारखान्याच्या हिशेबाबाहेर आहे. वितळलेला धातू बारा माणसांना कमी भाजत नाही. धोक्याच्या कामांना कमी संख्येतही नियम लागू करण्याची सोय कायद्यात आहे. ओतकामासाठी ती वापरावी, अशी विनंती मी स्वतः मालक असून आज इथल्या अधिकाऱ्यांना करतो. माझ्या काही मित्रांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

मापाचेही तसेच आहे. केंद्राच्या मानकांनुसार ताशी तीन टनांखालच्या क्युपोलाला धुलिकणांची मर्यादा दर सामान्य घनमीटरला 450 मिलिग्रॅम आहे. त्याहून मोठ्या क्युपोलाला आणि इंडक्शन भट्टीला 150. नमुना घेतात तो धुराड्यात. पण नॉक-आउटला धुराडे कुठे असते? साचा फोडताना, जळालेली वाळू झटकताना, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायला, ग्राइंडर लावताना जी धूळ उडते ती पत्र्याखालच्या फटीतून सावकाश बाहेर जाते, आणि जाईपर्यंत गाळ्यातच फिरते. या वाळूतली सिलिका हा आपल्या धंद्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. तिचे घातक कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. जी धूळ दिसते ती त्या मानाने कमी धोक्याची. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथे व्रण धरतात. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. तो क्षयाला आमंत्रण देतो, आणि पुष्कळदा त्याला क्षयच समजून वर्षानुवर्षे औषधे चालू राहतात. बहुतेकदा तो दहा-पंधरा वर्षांनी दिसू लागतो. तोवर फेटलरने चार गाळे बदललेले असतात किंवा तो उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, ओडिशात आपल्या गावी परतलेला असतो. खोकला गावात सुरू होतो, म्हणून आपल्या हजेरीपटावर सगळे निरोगी दिसतात. "आमच्याकडे आजपर्यंत कुणाला काही झालेले नाही," असे कुठलाही मालक म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला ते दिसायची सोयच नाही.

म्हणून स्वागत समितीने परिषदेच्या निमित्ताने एक काम ठरवले आहे. वसई पूर्वेतल्या ओतकामाच्या गाळ्यांतल्या कामगारांची छातीची क्ष-किरण तपासणी आणि फुप्फुसाची फुंकर चाचणी दरवर्षी सामायिक खर्चाने व्हावी, आणि त्याचा कागद कामगाराच्या हातात राहावा. तो दुसऱ्या गाळ्यात गेला, गावाला गेला, तरी कागद त्याच्याबरोबर जावा. बारा माणसांच्या मालकाला एकट्याने हे जमणार नाही, पण शंभर गाळे मिळून सहज जमेल.

ब्रासवाल्यांसाठी वेगळे बोलायला हवे. जस्त 907 अंशांना उकळते आणि आपण ब्रास त्याहून वरच्या तापमानाला ओततो. भट्टीतून पांढरा धूर येतो तो जस्ताचा. संध्याकाळी माणसाला थंडी वाजून ताप येतो, सकाळपर्यंत उतरतो, रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा येतो. अनेक ठिकाणी त्यावर गूळ आणि दूध देतात. जरूर द्यावे, कष्टाच्या माणसाला ते हवेच. पण गुळाने धूर अडत नाही. मुशीच्या काठाशी धूर ओढून घेणारा हूड आणि त्यामागे बॅग फिल्टर लागतो. हूड नीट बसवला तर कामगार वाचतो, आणि धुराड्यातून पलीकडच्या चाळीवर जाणारा धूरही अडतो. एका खर्चात दोन्ही फायली पुऱ्या होतात. उलट केवळ धुराडे उंच केले तर मंडळाचा कागद मिळेल, माणूस होता तिथेच राहील.

आता पावसाळा तोंडावर आला आहे, आणि वसईत पावसाळा हा सुरक्षेचा प्रश्न आहे. जुलै 2018 आठवा. वसई-विरार पाण्याखाली होते, लोकल बंद, वीज बंद. आपल्यापैकी अनेकांच्या गाळ्यांत पाणी होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1700 पट जागा मागते. धातूच्या पृष्ठभागावर पडलेला थेंब चटका देऊन उडून जातो. तोच थेंब धातूच्या खाली सापडला तर धातू छतापर्यंत उडवतो. म्हणून उघड्यावर भिजलेले भंगार भट्टीत घालणे, ओल्या सळीने मळी काढणे, पाझरणाऱ्या जमिनीवर उरलेला धातू ओतणे, हे सगळे जिवाशी खेळणे आहे. दोन्ही तोंडे बंद असलेला पाइपचा तुकडा किंवा जुना सिलिंडर तर कोरडा दिसला तरी भट्टीत जाता कामा नये. इंडक्शन भट्टीखाली जो खड्डा असतो तो भट्टी फुटली तर सगळा धातू सामावून घेण्यासाठी. आपल्याकडे पावसात जमिनीतले पाणी वर येते आणि तोच खड्डा भरतो. तो कोरडा नसेल त्या दिवशी भट्टी पेटवू नये, ऑर्डर कितीही घाईची असो. वीज गेल्यावर कॉइलमधले गार पाणी थांबते आणि भट्टीत टनभर रस तसाच असतो. उंचावर टाकी आणि डिझेलवरचा पंप आहे का, तो गेल्या महिन्यात चालवून पाहिला का, एवढे आज इथून गेल्यावर प्रत्येकाने तपासावे. पाहुण्यांनो, हे आमचे घरचे बोलणे वाटेल, पण पूर सांगलीला आणि कोल्हापूरलाही येतो.

ॲल्युमिनियमची मळी ओली झाली तर त्यातून अमोनिया आणि पेट घेणारा वायू निघतो. ती कोरडी, झाकून, 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेली पाहिजे; रात्री खाडीकाठी रिकामी होणाऱ्या टेम्पोत नाही. जळकी वाळूही तशीच. कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरने वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामायिक प्रकल्प उभारला, आणि तिथून आलेल्या मंडळींचे अनुभव उद्या आपण ऐकणार आहोत. आमची वाळू त्यांच्याइतकी नाही, पण ती टाकायला आमच्याकडे जागाही नाही.

ही जागा नाही, हे आम्हाला वसईने शिकवले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने इथल्या झाडा-पाण्यासाठी जे आंदोलन उभे केले ते कारखानदारांना तेव्हा अडचणीचे वाटले असेल. आज मी आदराने सांगतो, वसईची हिरवाई टिकली म्हणून आमच्या कामगारांच्या मुलांनाही थोडी हवा मिळते. याच पालघर जिल्ह्यात तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाला राष्ट्रीय हरित लवादात जावे लागले. आग्र्याच्या फाउंड्र्यांना तर 30 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोळसा-कोक सोडून वायू घ्या, नाहीतर हला, असे सांगितले. त्यांनी वायूवर ओतकाम शिकून घेतले, पण ते शिकणे तारखेच्या धाकाखाली झाले. आपल्या मासेमाराने, आपल्या वाडीवाल्याने आपल्याला न्यायालयात ओढण्याची वेळ यावी, हे मला शोभणारे वाटत नाही. आपण आपणहून शिकू शकतो.

आपल्या ग्राहकांनाही एक शब्द. मोठ्या कंपन्या आमच्याकडून किलोमागे दर मागतात आणि दर वर्षी तो खाली आणा म्हणतात. हूडचा, फिल्टरचा, तपासणीचा खर्च त्या दरात धरावा. लेखापरीक्षणाच्या दिवशी मास्क आणि गमबूट पाहण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

मित्रहो, कार्यक्रमपत्रिका आपल्या हाती आहेच. तज्ज्ञांची व्याख्याने दोन्ही दिवस आहेत, बाहेर यंत्रसामग्रीचे प्रदर्शन आहे. माझी आग्रहाची विनंती उद्या सकाळच्या पहिल्या सत्राची आहे. त्यात व्यासपीठावर मोल्डर, भट्टीवाले आणि फेटलर बसतील आणि आपण मालक खाली बसून ऐकू. ज्यांना मराठीपेक्षा हिंदी किंवा भोजपुरी सोपी वाटते त्यांनी तीत बोलावे. टिपण घेण्यासाठी माणसे नेमली आहेत, आणि कामगारांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे त्यांची हरकत नसेल तर त्यांचे नाव लिहिले जाईल. मंडळाच्या आणि संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी त्या सत्राला एकत्र बसण्याचे मान्य केले आहे, याबद्दल त्यांचे आभार.

जेवणात वसईची सुकेळी ठेवली आहेत, ती चाखल्याशिवाय कुणी जाऊ नये. सभागृहाचे दोन्ही बाजूंचे दरवाजे आणीबाणीसाठी मोकळे ठेवले आहेत, कृपया तिथे खुर्च्या सरकवू नका. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करून मी माननीय उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.