दूरच्या मुलुखातला दवाखाना



भोपाळातल्या आपल्या सोनागिरीच्या शेजारी भेलचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याबरोबर वसाहत, शाळा व कस्तुरबा रुग्णालयही आले. त्यामुळे या परिसरात वाढलेल्या मुलाला मध्यरात्री ताप भरला, तर त्याचे आईवडील त्याला काही मिनिटांत डॉक्टरपुढे नेऊन बसवू शकतात, आणि ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. आरोग्यसेवेतल्या माझ्या नोकरीचा मोठा भाग ज्या मुलुखात गेला तेथे, म्हणजे सातपुड्याच्या कुशीतल्या भैंसदेही तालुक्यात आणि त्यापलीकडच्या मेळघाटात, याच तापाचा हिशेब कोसांनी आणि नद्यांनी मांडावा लागतो. तेथे माणसे सहसा अज्ञात, दुर्धर अशा व्याधींनी मरत नाहीत. ती हिवतापाने, न्यूमोनियाने, अतिसाराने आणि अडलेल्या बाळंतपणाने मरतात. या सर्वांवर उपाय आहेत, ते स्वस्त आहेत आणि तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातही त्यांचा उल्लेख सापडेल. उपाय आणि रोगी यांच्यामध्ये जे अंतर पडलेले असते, त्या अंतराने ती मरतात. म्हणून दुर्गम भागात जाणाऱ्या वैद्याचे, परिचारिकेचे किंवा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचे मुख्य कर्तव्य हे अंतर कमी करणे होय, अशी माझी पक्की धारणा झाली आहे, आणि ते कसे कमी करता येते एवढेच मी आज सांगणार आहे.

मेळघाटातील बैरागड हे गाव (आपल्या भोपाळातले बैरागढ नव्हे) अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. रवींद्र कोल्हे १९८५ च्या सुमारास तेथे गेले, तेव्हा हरिसालपासून पुढचे चाळीस किलोमीटर पायी तुडवावे लागत. पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि पुढच्या खेपेला एक रुपया ही त्यांची फी होती. सुरुवातीच्या काळात स्फोटात हात गमावलेला एक माणूस त्यांच्याकडे आणला गेला, आणि आपल्या विद्येची मर्यादा त्यांच्या ध्यानात आली. ते पुन्हा शिकायला गेले, सेवाग्रामहून एम. डी. होऊन परतले, आणि लग्न करायचे तर वधूने काही अटी मान्य कराव्यात असे त्यांनी जाहीर केले. चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांत नोंदणी-विवाह, महिना चारशे रुपयांत संसार, आणि प्रसंग पडल्यास दुसऱ्यासाठी भीक मागण्याची सिद्धता, अशा त्या अटी होत्या. नागपुरात ज्यांचा स्वतःचा दवाखाना चांगला चालला होता त्या डॉ. स्मिताताईंनी त्या स्वीकारल्या. लोक या अटींचीच कथा कौतुकाने सांगतात, परंतु मला त्यांच्या चरित्रातला पुढचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. त्यांचे पहिले मूल जन्मतःच गंभीर आजारी पडले, तेव्हा त्याला मोठ्या शहरात हलवावे असा सल्ला मिळाला असूनही, गावातल्या इतर बाळांना जे उपचार मिळतात तेच आपल्या बाळाला मिळतील, असा निर्णय स्मिताताईंनी घेतला. बाळ वाचले. त्या दिवसानंतर ही बाई आपल्यातली आहे, याविषयी गावाच्या मनात शंका उरली नाही. आई म्हणून हा निर्णय मला घेता आला असता की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी माझ्या मनात असीम आदर आहे. पुढे कुपोषणाचे मूळ रिकाम्या कोठारात आहे हे ओळखून या दांपत्याने शेतीचे शास्त्र आत्मसात केले आणि गावाला ते शिकवले. २०१९ साली सरकारने दोघांना पद्मश्री दिली.

हेमलकशाची हकीकत तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडच्या अरण्यात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे कायमचे राहिले. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, माडिया गोंडांची भाषा येत नाही, अशा स्थितीत त्यांनी आरंभ केला. शहरात एकेका अवयवाचा एकेक तज्ज्ञ असतो, तेथे मात्र मोतीबिंदूपासून अस्वलाने ओरबाडलेल्या चेहऱ्यापर्यंत जे समोर येईल ते पुस्तक उघडून, धीर धरून करावे लागे. त्यातही भाषेचे महत्त्व मी विशेष सांगेन. भैंसदेहीकडचे कोरकू लोक जी भाषा बोलतात ती मुंडा कुळातली असून तिचा मराठीशी वा हिंदीशी काहीही संबंध नाही. दुभाष्याच्या तोंडून आलेले दुखणे निम्मे गळून गेलेले असते, विशेषतः ते स्त्रीचे असेल तर. मी कोरकू बोलू लागल्यावर ज्या बायका वर्षानुवर्षे केवळ डोकेदुखीची गोळी नेत होत्या, त्यांनी आपला खरा आजार सांगितला.

स्त्रियांच्या अशा न सांगितलेल्या आजारांवर डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत जो अभ्यास केला, तो १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता हे जगाला कळले. राणीताई आणि त्यांचे पती डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. वैद्याने गावापर्यंत चालत जावे हा कोल्ह्यांचा मार्ग, तर वैद्याची विद्याच गावात नेऊन ठेवावी हा बंगांचा. त्यांनी गावातल्याच, थोडेबहुत शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडल्यास पिशवी व मुखवट्याने हवा देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या झोपडीत करू लागल्या. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्या सुइणींसाठी मण्यांचे श्वासमापक यंत्र बनवले गेले: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळूचे घड्याळ रिकामे होण्याआधी मणी ठरलेल्या खुणेपलीकडे गेले तर न्यूमोनिया समजायचा. ३९ गावांतल्या या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी उतरले होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जी भेट देतात तिची जन्मकथा ही आहे.

ऑस्ट्रेलियाच्या निर्जन अंतर्भागात हेच अंतर विमानाने कापले गेले. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नाने १९२८ साली क्लॉनकरी गावातून उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली, आणि पायडलने चालणाऱ्या बिनतारी यंत्रावरून दूरची कुटुंबे वैद्याशी बोलू लागली. आपल्याकडे आता दूरध्वनीवरून तज्ज्ञाचा सल्ला मिळतो, ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु रोग्याचा हात धरून यंत्रासमोर बसवणारे कोणी गावात लागतेच. २०२३ मध्ये आपल्याच प्रांतातील शहडोल येथून सिकलसेल या रक्तविकाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तिचे यशही रक्ताचा थेंब घेण्यासाठी पाड्यावर जाणाऱ्या मुलामुलींवर अवलंबून आहे.

पालकांना एक विनंती आहे. दुर्गम भागातली नेमणूक ही शिक्षा आहे, बदलीचा अर्ज खिशात घालूनच रुजू व्हावे, असे घरात बोलले जाते, आणि मुले ते ऐकतात; तसे बोलणे टाळावे. तेथे एकाकीपणा आहे, मुलांच्या शाळेची चिंता आहे, औषधे वेळेवर न येण्याचा संताप आहे. मी यांतले काही झाकून ठेवणार नाही. पण तेथल्या माणसांचा विश्वास दोन-तीन वर्षे मुक्काम केल्यानंतरच बसतो, आणि नेमक्या त्याच सुमारास बदलीचा हुकूम मागून घेण्याचा आपला शिरस्ता आहे. त्याग करा असे मी कोणाला सांगत नाही. मला तेथे जे शिकायला मिळाले ते शहरात मिळाले नसते, आणि मी तेथे सुखी होते.

ज्यांना अधिक जाणून घ्यावयाचे असेल त्यांच्यासाठी बंग दांपत्याच्या संस्थेचा ‘निर्माण’ हा तरुणांचा उपक्रम २००६ पासून चालू आहे; महाविद्यालयात गेल्यावर त्याची चौकशी अवश्य करा. शाळकरी वयात तेवढे थांबणे ज्यांना कठीण वाटेल, त्यांनी पालकांच्या संमतीने आपली नावे मुख्याध्यापिकाबाईंकडे द्यावीत. उन्हाळ्याच्या सुटीत मी भैंसदेहीकडे जाणार आहे, आणि तेथील आशाताईंबरोबर चार दिवस पाड्यांवर हिंडू इच्छिणाऱ्या मुलामुलींना मी आनंदाने बरोबर नेईन.