बांधावर सापडलेले वळे



उजनीच्या जलाशयाविषयी, भिगवण-कुंभारगावच्या रोहित पक्ष्यांविषयी आणि सुगीच्या दिवसांत ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांच्या थव्यांविषयी बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांना मी काही सांगावे, हे धारिष्ट्याचे होईल. म्हणून तो सारा भाग गृहीत धरून मी थेट पक्ष्याच्या पायातील त्या लहानशा धातूच्या वळ्याकडे येतो, जे नांगरटीत अथवा काठच्या गाळपेऱ्यात क्वचित हाती लागते, आणि ज्यास कोणी ताईत म्हणतो, तर कोणी गुप्तधनाची खूण. (हशा.) आपण हसलात, परंतु अक्षरे आणि आकडे कोरलेली वस्तू अर्थावाचून नसते, ही त्या शेतकऱ्याची बुद्धी यथार्थ आहे. असे वळे हा अस्सल दस्तऐवज असून, ज्या तत्परतेने आपण पीकपाणी दप्तरी दाखल करतो, त्याच तत्परतेने त्याचीही नोंद झाली पाहिजे, हे माझे मत मी प्रत्येक सभेत मांडत आलो आहे आणि आजही मांडणार आहे.

वळे कोणत्या पक्ष्याचे, ही परीक्षा कठीण नाही. वळे अखंड, बिनजोडाचे असेल, तर ते पाळीव पक्ष्याचे, बहुधा कबुतराचे, कारण ते पिल्लूपणीच पायात सरकवावे लागते. दोन टोके चिमट्याने जुळवून मिटविलेले असेल, तर ते रानपक्ष्याचे, अशी बळकट शक्यता धरावी. ते घासू नये. नुसते धुऊन तिरप्या उजेडात धरावे, म्हणजे झिजलेला आकडाही उमटतो.

पक्ष्यांच्या पायात वळी घालून त्यांचा प्रवास शोधण्याच्या विद्येचा आरंभ डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने केला. त्याने प्रथम 1890 मध्ये जस्ताची वळी करून पाहिली. ती पक्ष्यांना जड झाली. बहुतेकांनी तेथेच नाद सोडला असता, परंतु या गृहस्थाने नऊ वर्षांनी हलक्या ॲल्युमिनियमची वळी घडविली, त्यांवर आकडे व पत्ता कोरला आणि 1899 मध्ये 165 युरोपीय मैना, म्हणजे आपल्या भोरडीच्याच कुळातले पक्षी, वळी घालून सोडून दिल्या. त्याची सारी भिस्त अशा अनोळखी माणसावर होती, जो मेलेला पक्षी उचलील, पायाकडे पाहील आणि पत्र टाकण्याची तसदी घेईल. विद्वानांच्या परिषदेवर नव्हे, वाटसरूच्या सचोटीवर उभारलेले दुसरे शास्त्र मला ठाऊक नाही, आणि म्हणूनच मी हे इतके लांबवून सांगत आहे.

हिंदुस्थानात हे कार्य बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1927 मध्ये आरंभिले, तेही आपल्या पवारांच्या धार संस्थानात. पुढे 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासानूरच्या अरण्यात ताप उद्भवला. त्याचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर उत्तरेकडून आला काय, अशी शंका निघाली, आणि 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या देखरेखीखाली पक्ष्यांना वळी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. भरतपुरात वळी घातलेली बदके सैबेरियात मिळाली. हे कळले ते तेथील माणसांनी कळविले म्हणून.

वेळ संपत आल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे.  परंतु मागच्या रांगेतून विचारणा झाली आहे की, वळे कळविले तर वनखाते दाराशी येईल काय? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मुख्य रोख शिकारीवर आहे. शेतात मिळालेल्या वळ्याची वर्दी देणारा मनुष्य शास्त्राचा साक्षीदार असतो, आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात पाहण्याची कल्पना मला मुळीच मान्य नाही.

तेव्हा विनंती एवढीच की, जिवंत पक्ष्याच्या पायातील वळे काढू नये, केवळ आकडा वाचावा. सुटे वळे मिळाल्यास आकडा, अक्षरे, गाव, गटक्रमांक आणि तारीख त्याच दिवशी लिहून काढावी, आणि वळ्यावरचा पत्ता परदेशचा असला तरी मुंबईस, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शहीद भगतसिंग मार्गावरील हॉर्नबिल हाउस येथे कळवावे.