हरलेल्या डावांची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो पावसावर बोलेल, नाहीतर कवितेवर बोलेल, अशी सर्वांची अपेक्षा असते. मी आज व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. तेही मारामारीच्या गेमवर. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. वयाची पन्नाशी ओलांडली आहे. बी.ए.ला मराठी साहित्य घेतलं होतं. अशा माणसाचा या खेळाशी संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, आणि तो एका थपडेपासून सुरू होतो.

साल २००१. माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून एक गेम पार्लर होतं. दाराला निळा पडदा, आत लाकडी पेट्यांत बसवलेले दोन टीव्ही आणि मागच्या खोलीत एक प्लेस्टेशन. पेटीवर 'मुस्तफा' चालायचा. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. पण आपल्याकडच्या पोरांनी त्याला त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखलं. आमच्या मोहल्ल्यात मुस्तफा नावाची तीन माणसं. पोरगा "मुस्तफाकडे जातो" म्हणाला की आयांना वाटायचं, चाचांकडे चालला!

मागच्या खोलीत 'टेकन ३' चालायचा. दोन खेळाडू समोरासमोर, एकाने दुसऱ्याला लोळवायचं. त्यात एडी गोर्डो नावाचा ब्राझीलचा लढवय्या होता. तो कापोएरा लढतो. ब्राझीलमधल्या आफ्रिकन गुलामांनी घडवलेली, नाचासारखी दिसणारी ही युद्धकला. एडी घेतला आणि सगळी बटणं भराभर कुटली तरी त्याचे पाय असे काही फिरत, की नवशिकाही दोन-चार डाव जिंकून जाई.

माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा. वडील नव्हते, म्हणून बहीण आणि तो माझ्याकडेच राहायचे. एका संध्याकाळी बहीण म्हणाली, "भाईजान, याच्या गणिताच्या वहीत बघा, काय लिहिलंय." मागच्या पानांवर मुलांची नावं, नावापुढे उभ्या रेघा, आकडे, बाण. मी पाहिलं आणि डोकं फिरलं. मला वाटलं, पोरगा मटक्याच्या नादी लागला. तसाच पार्लरमध्ये गेलो. लोडशेडिंगमुळे नुकतीच लाइट गेली होती आणि दहा-बारा पोरं अंधारात बसून लाइट यायची वाट पाहत होती. मी भाच्याला बाहेर ओढलं, सगळ्यांसमोर थप्पड मारली आणि ती पानं फाडून नालीत टाकली. तो एकच वाक्य बोलला, "मामू, ते हरलेले डाव होते." मी ऐकलं नाही. मटक्याच्या नादी लागलेलं पोरगं असंच बोलणार, असं मला वाटलं.

त्यानंतर तो पार्लरमध्ये गेला नाही. शिकला, पुण्याला नोकरीला लागला, आईला घेऊन गेला. माझ्याशी अदबीने वागला. पण शिकण्या-सवरण्यातलं काही मला पुन्हा कधी विचारलं नाही. हे मला उशिरा उमगलं.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात चीनच्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. व्हिडिओ गेमला तिथे पहिल्यांदाच पदकाचा दर्जा मिळाला. 'स्ट्रीट फायटर ५' या मारामारीच्या गेममध्ये भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं. त्यांचं वय होतं ४४! भाच्याने मला ती बातमी पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं, "मामू, वय पहा." पुढच्या ईदला तो आला तेव्हा त्याने त्याचं जुनं प्लेस्टेशन सोबत आणलं. त्यात 'टेकन ७' होता. म्हणाला, "दुकान बंद झाल्यावर बसा. बोटं चालतील, डोकंही चालेल."

मी बसलो आणि सगळी बटणं कुटायला लागलो.

"मामू, काऊन कुटून राह्यले? चटणी आहे का ती?"

मग त्याने मला शिकवायला घेतलं, आणि तो कसा शिकवतो हे पाहून मी चकित झालो. पहिला महिना त्याने मला मारूच दिलं नाही. फक्त अडवायचं. या खेळात वार तीन उंचींचे असतात. वरचा वार उभं राहून अडवता येतो, किंवा खाली बसलं तर डोक्यावरून जातो. मधला वार बसलेल्याला लागतो, म्हणून तो उभं राहूनच अडवायचा. खालचा वार उभ्या माणसाला लागतो, म्हणून तो बसून अडवायचा. म्हणजे नेहमीच बरोबर अशी जागा कुठलीच नाही. समोरचा काय करील, याचा अंदाज बांधूनच उभं राहायचं की बसायचं ते ठरतं.

मी म्हटलं, "बघून अडवीन की." तो हसला. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. 'टेकन'मधला साधा जलद ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात. डोळ्याने पाहून बोट हलवायला सर्वसाधारण माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे पंधरा फ्रेम. तेव्हा तो ठोसा पाहून अडवणं माणसाला शक्यच नाही. तो येणार हे आधी ताडावं लागतं, आणि ताडायचं तर समोरच्याच्या सवयी माहीत हव्यात.

आणखी एक हिशेब त्याने शिकवला. बहुतेक वार अडवले गेले की मारणारा काही फ्रेम अडकून पडतो. मोठा वार असेल तर जास्त वेळ. तो दहा फ्रेम अडकला, तर आपला दहा फ्रेमचा ठोसा त्याला लागणारच. म्हणून कोणता वार अडवल्यावर काय परत करायचं, हे पाठ करायचं. एका आठवड्यात एकच वार आणि त्याचं एकच उत्तर. सरावाच्या खोलीत यंत्राला तोच वार पन्नास वेळा मारायला लावायचा.

श्रोते हो, इथे माझ्यातला कवी जागा झाला. हे मी कुठेतरी केलं होतं! तरुणपणी मी अमरावतीच्या सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'वरून मात्रा मोजायला शिकलो. लघूची एक, गुरूच्या दोन. बोटांवर मोजत रस्त्याने चालायचो, लोक हसायचे. पुढे मोजणं बोटांतून कानात गेलं. मात्रा चुकली की कानालाच टोचायची. या खेळातही तसंच होतं. चार महिन्यांनी एक दिवस वार आला आणि माझ्या बोटांनी मला न विचारता उत्तर दिलं. मी घरात एकटाच होतो, तरी "वाह!" म्हणालो.

पण खरी शिकवणी पुढे होती. तो पुण्याला गेल्यावर आम्ही रविवारी रात्री नेटवरून खेळायला लागलो. आमच्याकडचं नेट मध्येच अडखळतं, चित्र थिजतं, तरी खेळतो. मी हरतो. हरलो की मी म्हणायचो, "नेट खराब होतं," नाहीतर, "तुझा गडीच भारी आहे." तो फोनवर शांतपणे म्हणायचा, "हरले ते हरले, मामू. काऊन हरले ते सांगा." यंत्रात झालेला डाव जसाच्या तसा साठवलेला असतो. तो मला तो पुन्हा पाहायला लावतो. स्वतःचा पराभव दुसऱ्यांदा पाहणं फार जड जातं. पण पाहिल्यावर लक्षात आलं, की मला लागणारे बहुतेक फटके तीनच प्रकारचे होते. आणि प्रत्येक वेळी उठता उठता मी एकच ठोसा मारत होतो. समोरच्याला माझी सवय माझ्याआधी कळली होती.

उर्दू शायरीत इस्लाहची परंपरा आहे. शागिर्द शेर लिहून उस्तादाला दाखवतो, उस्ताद एखादा शब्द खोडतो, एखादा बदलतो. कागद परत येतो तेव्हा त्यावर आपली चूक दिसत असते. तो कागद जपून ठेवणारा शिकतो, आणि फाडणारा तिथेच राहतो.

या खेळातले मोठे लोकही असेच घडले. जपानच्या दाइगो उमेहारा यांचा २००४ सालचा अमेरिकेतला एक डाव जगभर पाहिला जातो. त्यांची ताकद इतकी संपलेली, की नुसतं अडवलं असतं तरी त्या झिजेने ते हरले असते. समोरून सलग पंधरा फटक्यांचा हल्ला आला. प्रत्येक फटक्याची नेमकी वेळ साधून त्यांनी पंधराही परतवले आणि डाव जिंकला. लोक सांगत नाहीत ते हे, की त्यानंतरच्या अंतिम सामन्यात उमेहारा हरले. तरीही ते खेळत राहिले.

दुसरं उदाहरण लाहोरच्या अर्सलान अॅशचं. २०१९ साली त्याने जपान आणि अमेरिका, दोन्हीकडच्या मोठ्या 'टेकन' स्पर्धा जिंकल्या. तोवर जगाला तो फारसा ठाऊकच नव्हता. जिंकल्यावर त्याने सांगितलं, की आमच्याकडे असे खेळाडू आणखी आहेत. कोरियाचा नामवंत खेळाडू 'नी' खरोखर पाकिस्तानात जाऊन त्यांच्याशी खेळला. हा एकट्याचा चमत्कार नव्हता. रोज एकमेकांना हरवणाऱ्या पोरांची एक आख्खी गल्ली त्याच्यामागे होती. निळ्या पडद्याआडच्या त्या अंधारात अशीच दहा-बारा पोरं बसली होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

पालकांना एक सांगतो. पोरांना दिवसभर यंत्रापुढे बसवा, असं मी म्हणत नाही. मी स्वतः रात्री तासाभराच्या वर बसत नाही, मनगट दुखायला लागतं. आणि पैसे लावून खेळायचे गेम ही वेगळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशांच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. जुगार निराळा आणि खेळ निराळा, हे कायद्याने सांगितलं. २००१ साली हा फरक करायला मला कायद्याची गरज नव्हती. पोराला शांतपणे एक प्रश्न विचारला असता, तरी पुरे होतं.

त्या रेघांचा अर्थ आता मला कळतो. कोणाकडून किती वेळा हरलो, कोणत्या फटक्याने हरलो. बाण म्हणजे कळ कुठे दाबायची त्याची खूण. चौदा वर्षांचं पोरगं, कोणी न शिकवता, आपल्या चुकांची नोंद ठेवत होतं. माझ्याच दुकानातली वही होती ती. कवितेत खाडाखोड केलेले कागद मी तीस वर्षं जपून ठेवलेत, आणि त्याचे कागद नालीत टाकले.

मागच्या ईदला तो आला. मी दुकानातून शंभर पानी वही आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यात माझे हरलेले डाव होते. तारीख, कोणत्या फटक्याने हरलो, काय करायला हवं होतं. म्हटलं, "बेटा, तेव्हा तुझी वही फाडली, ते माझं चुकलं." तो काही बोलला नाही. पानं उलटत राहिला. मग माझ्या खिशातला पेन काढून घेतला, सहाव्या पानावरची एक ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं. म्हणाला, "मामू, इथं बसायचं नाही, उभं राहायचं. हा मधला वार आहे."

आणि दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला.

त्या रात्री मी सात डाव हरलो. सातही वहीत लिहिले आहेत.