दही आणि औषधाची डबी

शिक्रापुरात घरोघरी रात्री दुधाला विरजण लावतात. दुधातलं केसिन हे प्रथिन आपोआप जमून शे-दोनशे नॅनोमीटरचे गोळे बनवतं. ऋणभारामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. विरजणाच्या आम्लाने पीएच 4.6 च्या आसपास उतरला की तो भार संपतो, गोळे चिकटतात आणि दही लागतं.

मला गंमत वाटते ती पुढची. 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी डेव्हिड बेकर. त्यांच्या गटाने 2019 मध्ये याच्या बरोबर उलट वागणारी प्रथिनं आखली. सांध्यांवर हिस्टिडिन बसवलं. आम्लात त्यावर धनभार येतो, तुकडे एकमेकांना ढकलतात, रचना सुटते. पेशी ज्या पिशवीत बाहेरची वस्तू गिळते, तीही आंबटच. औषधाची डबी तिथेच उघडायची. पण रक्तात, 7.4 पीएचला, ती घट्ट बंद राहायला हवी. खरी कसोटी ती!