अडखळणारं इंजिन आणि आबांची फूटपट्टी

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात थोडी खुडबूड करायची आहे. विषय आहे खेळण्यातलं रेल्वे इंजिन. म्हणजे आबांसमोर ‘खेळणं’ म्हटलं तर ते रागावतात. ‘मॉडेल’ म्हणायचं.

आबा म्हणजे माझे आजोबा. आयुष्यभर रेल्वेत गार्ड होते. त्यांच्याकडे एक डिझेल इंजिन आहे, एचओ स्केलचं. एचओ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या एका काकांनी ते परदेशातून आणलं होतं. दर दिवाळीला किल्ल्याशेजारी रूळ मांडायचे आणि गाडी फिरवायची, हा आमच्या घरचा नेम.

गेल्या दिवाळीत इंजिन अडखळायला लागलं. दोन इंच पुढे, मग धक्का, थांब, परत धक्का. आबांचा हात आता थरथरतो, बारीक स्क्रू धरता येत नाही. मी सहज बोलून गेलो, “आबा, टाका ना हे. मी नवीन ऑर्डर करतो.” आबा काही बोलले नाहीत. रिमोट घेतला आणि टीव्ही लावला. झालं, माझी दिवाळी तिथेच संपली.

मग म्हटलं, आपणच दुरुस्त करू. आणि पहिल्याच फटक्यात चूक केली. रूळ काळे दिसले म्हणून पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. आबा आतून ओरडले, “अरे थांब! ओरखड्यात घाण जास्त बसते!” खरंच आहे ते. पॉलिश पेपरने रूळ दोन दिवस चकाकतात, पण बारीक चरे पडतात आणि काळा थर आणखी घट्ट धरतो. तेव्हा तुम्ही हे करू नका.

आबा म्हणाले, “आधी बघ. मग स्क्रू काढ.” आजच्या भागातून एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

तर बघायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, इंजिन कुठे अडखळतं? दर फेरीला एकाच ठिकाणी अडखळत असेल, तर दोष रुळात. जोड सैल आहे, नाहीतर तिथे घाण आहे. सगळीकडे अडखळत असेल, तर दोष इंजिनात.

दुसरी, दिवा बघा. इंजिनाच्या पुढचा दिवा धक्क्याबरोबर लुकलुकतो का? ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट. या साध्या डीसी इंजिनात वीज येते कशी? एका रुळातून प्लस, दुसऱ्यातून मायनस. रुळातून चाकात, चाकाला घासणाऱ्या पितळी पट्टीतून वायरमध्ये, आणि तिथून मोटरला. दिवा लुकलुकला, तर वीजच तुटक येते आहे. दिवा स्थिर आहे आणि तरी इंजिन उडी मारतं, तर वीज ठीक आहे. अडतंय ते गिअरमध्ये, नाहीतर मोटरमध्ये.

तिसरी गोष्ट नंतर सांगतो, ती आबांची आहे.

आमचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे आधी सफाई. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ निरांजन, उदबत्ती काही नको, आणि आधी करंट बंद करा. सुती कापड त्यात ओलं करून रूळ पुसले. कापड काळंकुट्ट झालं! मग चाकं. टिश्यू पेपर नुसता ओलसर करा, थेंब गळता कामा नये. तो रुळावर आडवा टाका. इंजिनाची अर्धी चाकं टिश्यूवर, अर्धी कोरड्या रुळावर. इंजिन हाताने धरून हळू करंट द्या. चाकं जागीच फिरतात आणि टिश्यूवर काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून उरलेली चाकं. त्या पितळी पट्ट्या चाकाला टेकतायत ना, तेही बघा. एक आमची वर उचललेली होती. चिमट्याने हलकेच वाकवली.

परत रुळावर ठेवलं. दिवा स्थिर! मी ओरडणार, तेवढ्यात... टक. टक. टक. इंजिन अजूनही लंगडत होतं.

आता खरं सांगतो, मी वैतागलो होतो. पण आबा खुर्ची ओढून जवळ आले. म्हणाले, “फूटपट्टी आण. आणि खडू.” ही ती तिसरी गोष्ट. इंजिन अगदी हळू सोडलं आणि प्रत्येक उडीला मी रुळाशेजारी खडूने खूण केली. दोन खुणांमधलं अंतर मोजलं तर दरवेळी साधारण ३८ मिलिमीटर.

आबांनी चाक मोजायला लावलं. व्यास १२ मिलिमीटर. गुणिले पाय, म्हणजे परीघ जवळजवळ ३८! म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला बरोबर एक उडी. मोटर तर चाकाच्या एका फेऱ्यात कितीतरी वेळा फिरते. तिच्यात दोष असता, तर उड्या खूप जवळजवळ आल्या असत्या. म्हणजे दोष चाकात, नाहीतर चाकाच्या दांड्यावरच्या गिअरमध्ये. एकही स्क्रू न काढता! शाळेत पाय कशाला शिकवतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मग खालचं झाकण काढलं. आधी फोटो काढून ठेवा हं, कुठला भाग कुठे होता याचा. भिंगातून एकेक गिअर बघितला. तिसऱ्या दांड्यावरच्या प्लॅस्टिकच्या गिअरला केसाएवढी चीर! हे गिअर धातूच्या दांड्यावर घट्ट दाबून बसवलेले असतात. वर्षानुवर्षं ताण सोसून प्लॅस्टिक तडकतं. चिरेपाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढतं आणि प्रत्येक फेऱ्याला तिथेच अडकतं. फेविक्विक लावायचा मोह होतो, पण ते टिकत नाही. तेवढ्याच दात्यांचा नवा गिअर मागवला. यायला तीन आठवडे लागले.

बसवताना दोन काळज्या घ्या. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १४.४ मिलिमीटर हवं, नाहीतर गाडी सांध्यावर घसरते. आणि तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, तेही प्लॅस्टिकला चालणारं. जास्त तेल चाकावर उतरतं आणि मग पहिल्यापासून सफाई.

त्या रात्री दिवाणखान्यात गादीशेजारी रूळ मांडले. कंट्रोलर मी आबांच्या हातात दिला. नॉब फिरवायला थरथरता हात चालतो. इंजिन निघालं, मुंगीच्या पावलाने, एकही धक्का नाही. आबांनी दोन बोटं तोंडाशी नेली आणि गार्डाची शिट्टी घातली. आजी आतून म्हणाली, “झोपा आता!”

तुमच्या घरात असं काही अडखळत पडलंय का? टाकायच्या आधी एकदा बघा. शक्यतो ज्याचं आहे, त्याला शेजारी बसवून बघा. आणि पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम नक्की पाहा, आजोबांना घेऊन.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर, आधी बघा, मग स्क्रू काढा!